वार एकाने केला, मग बाकीचे आरोपी कसे?

सांगलीच्या जिल्हा न्यायालयात रिमांडच्या दिवशी व्हरांड्यात जी गर्दी असते, तिच्यात वकील आणि पोलीस यांच्यापेक्षा घरची माणसे जास्त असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी मिरज तालुक्यातल्या एका बाईंनी मला थांबवून विचारले, "वकीलसाहेब, माझं पोरगं गाडीतनं खालीसुद्धा उतरलं नाही. त्याच्या हातात काठी नव्हती, कोयता नव्हता. मग त्याला तीनशे दोन कसं लावलं?" त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीत डबा होता आणि तो आत देता येणार नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितले नव्हते.

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ज्याने केले त्याने भोगावे, हाच फौजदारी कायद्याचा मूळ नियम आहे आणि एकाच्या कृत्यासाठी दुसऱ्याला शिक्षा करायची असेल, तर त्याला तसेच भक्कम कारण लागते. ते कारण कोणते, आणि ते कुठे संपते, एवढेच या लेखात सांगायचे आहे. कलमांचे आकडे सध्याच्या भारतीय न्याय संहितेतले देत आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना १८६० ची भारतीय दंड संहिताच लागू असल्यामुळे कोर्टात अजून कितीतरी वर्षे "तीनशे दोन", "चौतीस" आणि "एकशे वीस ब" हे शब्द ऐकू येत राहतील.

समजण्यासाठी एक काल्पनिक प्रकरण घेऊ. तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचा चुलतभावाशी बांधावरून जुना वाद आहे. तो मिरजेतल्या एका मध्यस्थाला गाठतो आणि चुलतभावाचा काटा काढण्यासाठी एक लाख रुपये इसार म्हणून देतो. मध्यस्थ दोन तरुण शोधतो. गावातलाच एक मुलगा चुलतभाऊ बेदाण्याच्या शेडवरून रात्री किती वाजता निघतो, याची तीन दिवस पाळत ठेवून माहिती देतो. एक जण गाडी चालवतो. दोघांपैकी एक जण धरतो आणि दुसरा कोयता चालवतो. पुढचे दोन दिवस एक मित्र त्या दोघांना आपल्या मळ्यातल्या खोलीत लपवतो आणि रक्ताचे कपडे जाळतो. बागायतदार त्या रात्री पंढरपुरात वारकऱ्यांच्या पंगतीत वाढत होता, आणि तसे सांगणारे शंभर साक्षीदार त्याच्याकडे आहेत.

माणसे सात, आणि कोयता फक्त एकाने चालवला.

धरणाऱ्यापासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यांत सोपा आहे. संहितेच्या कलम ३(५) मध्ये, म्हणजे जुन्या कलम ३४ मध्ये, असे म्हटले आहे की अनेकांनी मिळून सर्वांच्या सामाईक इराद्याच्या पूर्तीसाठी एखादे गुन्हेगारी कृत्य केले, तर ते जणू एकट्यानेच केले आहे अशा रीतीने त्यांतला प्रत्येक जण जबाबदार ठरतो. "सर्वांच्या सामाईक इराद्याच्या पूर्तीसाठी" हे शब्द १८६० च्या मूळ मजकुरात नव्हते, ते १८७० मध्ये घालण्यात आले. आणि आज या कलमावर जो वाद चालतो तो जवळजवळ सगळा त्या शब्दांवरच चालतो. हे कलम स्वतंत्र गुन्हा सांगत नाही, म्हणूनच आरोपपत्रात ते एकटे कधी येत नाही. खुनाच्या कलम १०३ ला ते जोडले जाते. ज्याने हात धरून ठेवले, त्याच्या मदतीशिवाय वार बसलाच नसता, आणि वार बसावा म्हणूनच त्याने धरले होते. तो खुनीच आहे.

गाडीवाल्याचे काय? याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यातल्या एका खटल्यात मिळाले आहे. १९२३ मध्ये तिथल्या शांकारीटोला टपाल कार्यालयात काही जण शिरले, पैसे मोजत बसलेल्या पोस्टमास्तरांकडे त्यांनी पैसे मागितले आणि गोळ्या झाडल्या. पळताना पिस्तुलासह पकडला गेलेला बरेंद्रकुमार घोष याचे म्हणणे होते की तो बाहेर अंगणात उभा होता, घाबरलेला होता आणि त्याने गोळी झाडलीच नाही. ब्रिटिश काळात इथली शेवटची अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्याचे अपील फेटाळताना सांगितले की गुन्हेगारी कृत्य म्हणजे फक्त शेवटची गोळी नव्हे. ती झाडली जावी म्हणून ज्यांनी ज्यांनी आपापला वाटा उचलला, त्या सगळ्यांच्या कृतींची बेरीज म्हणजे ते कृत्य. पहारा देणे हाही वाटा, आणि इंजिन चालू ठेवून थांबणे हाही वाटाच.

मात्र याच प्रिव्ही कौन्सिलने वीस वर्षांनी दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली, आणि माझ्या मते वकिलांनी पहिल्या निकालापेक्षा हा दुसरा जास्त वेळा वाचायला हवा. सिंधू नदीच्या काठी बोरू तोडण्यावरून भांडण झाले, दोघांनी बंदुका चालवल्या. एकाच्या गोळीने एक माणूस मेला आणि महबूब शाह नावाच्या दुसऱ्याच्या गोळीने दुसरा जखमी झाला. महबूब शाहला खुनासाठी दोषी धरता येणार नाही, असा निकाल १९४५ मध्ये लागला. कारण सारखा इरादा असणे वेगळे आणि सामाईक इरादा असणे वेगळे. दोन माणसे एकाच वेळी एकाच माणसावर चिडलेली असू शकतात. त्यामुळे त्यांच्यात आधी मनाने ठरलेले काही होते, असे होत नाही. हे ठरणे जागेवर, क्षणभरातही होऊ शकते, पण वार होण्याआधी ते झालेले असावे लागते. त्यामुळे आपल्या गाडीवाल्याला कोर्ट खरे तर एकच विचारते: तू गाडी कशासाठी नेतो आहेस, हे तुला ठाऊक होते का? तो नेहमीप्रमाणे भाड्याने गेला असेल आणि मागे बसलेल्यांच्या पिशवीत काय आहे हे त्याला माहीत नसेल, तर तो आरोपी नव्हे, उलट सरकार पक्षाचा उत्तम साक्षीदार ठरतो. पण निघण्याआधी नंबरप्लेटला चिखल फासलेला असेल, नेहमीचा मोबाईल घरी ठेवलेला असेल आणि परतताना सरळ रस्ता सोडून आडवाटेने गाडी आणली असेल, तर "मी फक्त चालवत होतो" हे वाक्य त्याला वाचवत नाही.

आता बागायतदार आणि मध्यस्थ. ते घटनास्थळी नव्हते, आणि पंढरपूरची पंगत खरी आहे. इथे कटाचे कलम येते: आजचे कलम ६१, जुने १२०-अ आणि १२०-ब. हे कलम मूळ दंड संहितेत नव्हते. ते १९१३ मध्ये आले. त्याचे वैशिष्ट्य असे की इथे करार हाच गुन्हा आहे. बेकायदेशीर गोष्ट करण्याचे दोघांनी किंवा अधिक जणांनी ठरवले, की कट पूर्ण झाला. आणि ठरलेली गोष्ट स्वतःच गुन्हा असेल, तर त्या ठरवण्यापलीकडे कुणी काही कृती केलीच पाहिजे, असेही नाही. ठरलेला गुन्हा खुनासारखा गंभीर असेल, तर कटातल्या माणसाला त्या गुन्ह्याची अपप्रेरणा, म्हणजे चिथावणी किंवा मदत, दिल्याप्रमाणे शिक्षा होते, आणि खून प्रत्यक्ष घडला असेल तर ती खुनाचीच शिक्षा असते. इसार दिल्यानंतर बागायतदाराला पश्चात्ताप झाला आणि तो गप्प बसला, तरी कटाचा गुन्हा पुसला जात नाही. मारेकरी न जाताच सगळे बारगळले असते, तरीही अपप्रेरणेच्या कलम ५५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

मराठी वाचकाला याचे उदाहरण लांबून आणायला नको. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर गोळ्या झाडल्या त्या एकट्या नथुराम गोडसेने. नारायण आपटेने पिस्तूल चालवले नव्हते, तरी १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांनाही फाशी देण्यात आली. त्याहून बोलके उदाहरण मदनलाल पाहवाचे. २० जानेवारीच्या फसलेल्या प्रयत्नातच तो पकडला गेला होता, म्हणजे हत्येच्या दिवशी तो कोठडीत होता. तरी कटातला सहभाग सिद्ध होऊन त्याला जन्मठेप झाली. गजाआड असणे यापेक्षा मोठी गैरहजेरी दुसरी कोणती असणार? त्याच खटल्यात शंकर किस्तय्या आणि दत्तात्रय परचुरे यांना खालच्या न्यायालयाने जन्मठेप दिली होती, पण उच्च न्यायालयाने दोघांनाही सोडले. एकच कट, एकच खटला, एकच पुराव्याचा ढीग. तरी प्रत्येक आरोपीचा हिशेब स्वतंत्र झाला.

हा स्वतंत्र हिशेब हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि बातम्यांमध्ये नेमका तोच हरवतो. राजीव गांधी हत्येच्या खटल्यात विशेष टाडा न्यायालयाने १९९८ मध्ये सर्वच्या सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली होती. मे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या १९ जणांना हत्येच्या कटातून मुक्त केले, चौघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. कट रचणाऱ्यांशी ओळख असणे, त्यांना घर भाड्याने मिळवून देणे, त्यांच्याबद्दल सहानुभूती असणे, इतकेच काय, पण काहीतरी शिजते आहे याची कुणकुण असणे, यांपैकी कशानेही माणूस आपोआप कटात सामील होत नाही. इंदिरा गांधी हत्येच्या खटल्यातही केहरसिंग घटनास्थळी नसताना कटाच्या पुराव्यावर फाशी गेला आणि त्याच निकालात, १९८८ मध्ये, बलबीरसिंग पुराव्याअभावी सुटला.

पाळत ठेवणाऱ्या मुलाचे प्रकरण म्हणूनच नाजूक असते. त्याला "तो शेडवरून किती वाजता निघतो तेवढं बघ" असे सांगितले असेल आणि उसने पैसे मागायचे आहेत, एवढेच त्याला वाटत असेल, तर त्याने मदत केली खरी, पण जाणून केली नाही. त्याला नुसते हातपाय मोडायचे आहेत असे सांगितले असेल, तर प्रश्न आणखी अवघड होतो. चिथावणी एका गोष्टीची दिली आणि घडले दुसरेच, तरी घडलेली गोष्ट त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल, तर चिथावणी देणारा तिलाही जबाबदार राहतो. रात्री दोघांनी कोयते घेऊन एका माणसाचे पाय तोडायला जाणे आणि त्यात तो मरणे, यात अनपेक्षित असे काय आहे, असे सरकारी वकील विचारतील. दुसरीकडे, एकाच घटनेत गुंतलेले लोक वेगवेगळ्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरू शकतात, असेही संहितेतच लिहिले आहे. त्याचा आधार घेऊन त्या मुलाचा वकील गंभीर दुखापतीच्या कटापर्यंतच त्याला मर्यादित ठेवण्याचा प्रयत्न करील. हा फरक शब्दांचा नाही. खुनाला जन्मठेपेखाली शिक्षाच नाही, आणि न्यायाधीशांना कितीही दया आली तरी कलम १०३ खाली दोषी ठरवल्यावर त्यांच्यापुढे फाशी आणि जन्मठेप हे दोनच रस्ते उरतात.

सातवा माणूस, म्हणजे मळ्यात लपवणारा मित्र, याला लोक सरसकट खुनात धरतात. खून झाल्यानंतर ज्याला कळले, तो खुनाच्या इराद्यात कसा असेल? त्याचे गुन्हे वेगळे: पुरावा नष्ट करण्याचे कलम २३८ (फाशीच्या गुन्ह्याबाबत सात वर्षांपर्यंत) आणि गुन्हेगाराला आसरा देण्याचे कलम २४९ (पाच वर्षांपर्यंत). आसऱ्याच्या कलमाला एकच अपवाद आहे, तो पती किंवा पत्नीचा. आईचा नाही. मुलाला दोन रात्री घरात लपवून जेवू घालणारी आई कायद्याच्या अक्षरात त्या अपवादात बसत नाही, आणि हे मी कुठल्याही आईला पहिल्या भेटीत सांगू शकलेलो नाही. अर्थात, खुनाच्या आधीच "काम झालं की माझ्या मळ्यात या" असे ठरलेले असेल, तर मित्राचा मुक्काम थेट कटात हलतो.

आपल्याकडच्या भांडणांत आणखी एक कलम फार दिसते, ते बेकायदेशीर जमावाचे: आजचे १८९ आणि १९०, जुने १४९. पाच किंवा अधिक जण समान उद्दिष्टाने जमले आणि त्या उद्दिष्टासाठी एकाने खून केला, किंवा असे काही घडण्याचा संभव आहे हे जमावाला ठाऊक होते, तर प्रत्येक जण दोषी. बांधावर मारामारी झाली की फिर्यादीत समोरच्या भावकीतली पंधरा-वीस नावे येतात, त्यांत अंथरुणाला खिळलेला आजोबाही असतो आणि पुण्यात नोकरी करणारा पुतण्याही. ही सवय नवी नाही. १९६४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मसाल्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा व्यवहारी दंडक मान्य केला, की मोठ्या जमावाच्या प्रकरणात किमान दोन-तीन साक्षीदार ज्याच्याबद्दल सुसंगत सांगतात, त्यालाच दोषी धरावे. २००१ च्या सुरेश खटल्यात भाऊबंदकीतून रात्री एका कुटुंबावर हल्ला झाला, तेव्हा रस्त्यावर उभ्या असलेल्या एका महिलेला दोषी धरण्यास न्यायालयाने नकार दिला. तिथे असणे म्हणजे सामील असणे नव्हे.

राहिला पुरावा. कट कुणी स्टॅम्पपेपरवर करत नाही, त्यामुळे तो बहुतेक वेळा परिस्थितीवरूनच सिद्ध करावा लागतो. फोनचे तपशील, मोबाईल टॉवरची ठिकाणे, बँकेतून काढलेली रक्कम, टोलनाक्यावरचे चित्रीकरण, सगळे एका साखळीत बसावे लागते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र जोडणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर यांच्या जालन्यातल्या निवडणूक प्रकरणात स्पष्ट केले. आणि तासवडे टोलनाक्यावरची गाडी कितीही ठळक दिसत असली, तरी त्या कागदावाचून ती कोर्टात दिसत नाही.

"आरोपींनी पोलिसांपुढे कबुली दिली" ही बातमी वाचून गावात निकाल लागतो, पण पोलिसांपुढच्या कबुलीला पुरावा म्हणून किंमत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग वाचता येतो. कट चालू असताना एकाने त्या कटाच्या संदर्भात जे लिहिले किंवा बोलले, ते मात्र इतरांविरुद्धही वापरता येते. १९४० च्या मिर्झा अकबर खटल्यात मारेकऱ्यासाठी पैसे जमवण्याविषयी प्रियकर आणि विवाहिता यांच्यातली पत्रे याच नियमाने पुराव्यात आली. अटकेनंतर तिने मॅजिस्ट्रेटपुढे केलेले निवेदन मात्र त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असे ठरले, कारण तोवर कट संपला होता. आजच्या व्हॉट्सॲप संदेशांनाही हीच फूटपट्टी लागते.

माफीचा साक्षीदार हा मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. गांधी खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे, आणि पुढे पुण्याच्याच जोशी-अभ्यंकर हत्याकांडात सुहास चांडक. या दुसऱ्या खटल्यातले चौघे २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फासावर गेले. सगळे खरे आणि पूर्ण सांगण्याच्या अटीवर न्यायालय अशा साथीदाराला माफी देते, पण तो लगेच घरी जातो हा समज चुकीचा आहे. आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच राहावे लागते, आणि त्याने काही दडवले तर त्याच्यावरही खटला चालू शकतो. स्वतःची मान सोडवण्यासाठी दुसऱ्याची अडकवणारा माणूस म्हणून कोर्ट त्याच्याकडे संशयानेच पाहते. त्याच्या साक्षीला प्रत्येक आरोपीपुरता बाहेरचा दुजोरा शोधला जातो, आणि नव्या साक्ष्य अधिनियमात तर दुजोऱ्याचा शब्दच थेट कलमात घातला आहे.

सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, तर आमच्या जिल्ह्याचे अपील ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जाते. पैशांची आणि हेलपाट्यांची तेवढी बचत झाली आहे.

त्या दिवशी व्हरांड्यात मी त्या बाईंना यातले काहीच सांगितले नाही. फक्त विचारले, की गाडीसाठी फोन कुणाचा आला, किती वाजता आला, त्या दोघांना मुलगा आधीपासून ओळखत होता का, परत आल्यावर तो जेवला का, झोपला का. त्यांनी आठवून आठवून सांगितले. मग डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेत तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "आणि वर त्यांनी भाडंसुद्धा दिलं नाही हो अजून." मी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. नेहमीचे भाडे होते म्हणून उधार राहिले, की भाडे नव्हतेच म्हणून द्यायचा प्रश्न आला नाही, हे त्या दिवशी मला सांगता आले नसते.